जॅझवाल्याची किर्द

जुलै महिन्यात माझ्या टेबलावर चहाचा कप ठेवायलाही जागा नसते. ठाण्याच्या नौपाड्यातलं माझं ऑफिस मुळातच टीचभर, त्यात रिटर्न भरायची मुदत तोंडावर आलेली. माझ्याकडे वादक मंडळींची गर्दी जरा जास्त असते. वीस वर्षांपूर्वी एका तबलजीचा हिशेब नीट लावून दिला, त्याने दुसऱ्याला पाठवलं, दुसऱ्याने तिसऱ्याला, असे जमत गेले. म्हणूनच की काय, वरच्या मजल्यावरच्या वहिनी आल्या, फाइलींच्या ढिगावर एक गुळगुळीत माहितीपत्रक ठेवलं आणि थेट म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही वाजवणाऱ्यांचे हिशेब बघता ना? मग सांगा, जॅझ वाजवून माणसाचं घर चालतं का?"

त्यांचा धाकटा बारावीत आहे. पेटी आजोबांकडे शिकला, पुढे कीबोर्ड, पुढे यूट्यूब, आणि आता अमेरिकेत बॉस्टनला बर्कली या संगीताच्या कॉलेजात जायचं म्हणतो. वहिनींच्या लेखी जॅझ म्हणजे जुन्या हिंदी सिनेमातला क्लब, धूर आणि खलनायकाचा पांढरा सूट. मी म्हटलं, आठ दिवस द्या. जॅझ मी पंचवीस वर्षं ऐकतोय, पण त्याच्याकडे किर्द-खतावणी म्हणून कधी पाहिलं नव्हतं.

कुठलाही धंदा समजून घ्यायचा तर आधी माल काय आहे ते बघावं. ख्यालात जशी बंदिश, तशी जॅझमध्ये एक ठरलेली धून असते. तिला ते 'हेड' म्हणतात. सगळे मिळून हेड वाजवतात, मग एकेक जण त्याच आवर्तनावर आपली बढत करतो, आणि शेवटी सगळे पुन्हा हेडवर येतात. आवर्तनाला त्यांचा शब्द 'कोरस'. फरक एवढाच, की आपलं आवर्तन तालाचं असतं आणि त्यांच्या आवर्तनात ताल आणि स्वरसमूह दोन्ही फिरतात. स्वरसमूह म्हणजे कॉर्ड. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसची १९५९ सालची 'सो व्हॉट' ही धून घ्या. बत्तीस बार, प्रत्येक बार चार मात्रांचा, म्हणजे एक आवर्तन १२८ मात्रांचं. पहिले सोळा बार एका स्वरसप्तकात, पुढचे आठ बार तेच सप्तक अर्धा स्वर वर चढवून, आणि शेवटचे आठ पुन्हा मूळ जागी. पेटीवर पट्टी अचानक एक घर वर सरकवली आणि आठ बारांनी परत आणली, तर कसं वाटेल तसं. वाजवणाऱ्याला आत कुठे आहोत याचं भान सुटता कामा नये. चुकलं की सम हुकलेल्या गवयासारखी अवस्था होते.

पियानोवादक हर्बी हॅनकॉक एक किस्सा सांगतात. साठच्या दशकात जर्मनीत स्टुटगार्टला कार्यक्रम, 'सो व्हॉट' चालू, माइल्सचा ट्रम्पेट रंगात आलेला आणि हॅनकॉकच्या हातून साफ चुकीची कॉर्ड पडली. माइल्स क्षणभर थांबले आणि असे काही स्वर वाजवले, की ती कॉर्ड जणू तिथेच हवी होती. हॅनकॉक पुढे म्हणतात, माइल्सना ती चूक म्हणून ऐकूच आली नव्हती. घडलेली एक गोष्ट म्हणून त्यांनी ती घेतली.

मी हा किस्सा वहिनींना सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे चुका करायचे पैसे मिळतात?" तसं नाही. पण बाजारात किंमत कशाला आहे ते यातून कळतं: दुसरा काय वाजवतोय ते ऐकून त्याच क्षणी त्याचं काहीतरी करणं. त्यामुळे जॅझवाल्याच्या बायोडेटात पदवीआधी एक प्रश्न वाचला जातो: कोणाबरोबर वाजवलंस? हॅनकॉक तेवीस वर्षांचे असताना, १९६३ मध्ये, माइल्सच्या संचात गेले. त्याच संचातला ड्रमर टोनी विल्यम्स तेव्हा अवघा सतरा वर्षांचा होता, आपल्या वहिनींच्या धाकट्याएवढा.

असं दुसऱ्याच्या संचात वाजवणाऱ्याला तिकडे 'साइडमन' म्हणतात. आपल्याकडे साथीदार. पण आपल्या मैफलीत तबलजी बहुधा आयुष्यभर साथीला बसतो, स्वतंत्र वादन क्वचित. जॅझमध्ये साथीदार ही उमेदवारी असते. ड्रमर आर्ट ब्लेकींचा 'जॅझ मेसेंजर्स' हा संच म्हणजे फिरतं गुरुकुल होतं. १९५० च्या दशकापासून १९९० मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत तो चालला. पोरं यायची, काही वर्षं वाजवायची आणि आपला संच काढायला बाहेर पडायची. वेन शॉर्टर, ली मॉर्गन, फ्रेडी हबर्ड असे किती तरी तिथून निघाले. ट्रम्पेटवादक विंटन मार्सालिस १९८० मध्ये, अठराव्या वर्षी, तिथे आला. १९८४ मध्ये त्याला एकाच रात्री जॅझचं आणि पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचं अशी दोन्ही ग्रॅमी मिळाली, आणि १९९७ मध्ये जॅझ रचनेला पहिलं पुलित्झर मिळालं तेही त्यालाच. न्यूयॉर्कमधली 'जॅझ ॲट लिंकन सेंटर' ही संस्था उभी करणाऱ्यांत तो आहे. पण सुरुवात ड्रमच्या समोर उभं राहून, म्हाताऱ्याच्या नजरेकडे लक्ष ठेवून.

मला यातलं जे पटलं ते असं, की या धंद्यात बढतीचं पत्र येत नाही. फोन येतो. एकदा वाजवल्यावर दुसऱ्यांदा फोन आला, तर समजायचं पास झालात.

आता गल्ल्याकडे. जॅझमधला सगळ्यात मानाचा रंगमंच कुठला विचाराल, तर न्यूयॉर्कचा व्हिलेज व्हॅनगार्ड. १९३५ पासून चालू आहे. तळघरात, जिना उतरून जायचं, आणि खुर्च्या १२३. आपल्या कार्यालयातली एक बरीशी पंगत. मोठ्या नावाला तिथे मंगळवार ते रविवार असा आठवडा देतात, रोज दोन सेट, म्हणजे दोन खेळ. सोमवार तिथल्या मोठ्या वाद्यवृंदाचा, १९६६ पासून. मी कॅल्क्युलेटर घेतला: १२३ गुणिले दोन गुणिले सहा, १४७६. म्हणजे एकही खुर्ची रिकामी न राहता आठवडाभरात दीड हजारही माणसं नाहीत. एवढी तर सकाळी ठाणे स्टेशनच्या पुलावर एका गाडीला उतरतात. त्या तिकिटांतून क्लबचं भाडं-वीज जायची, चौघा-पाचजणांत वाटणी व्हायची आणि न्यूयॉर्कचं घरभाडं भरायचं.

मग तिथे वाजवण्यासाठी जीव का टाकतात? कारण तिथला आठवडा म्हणजे बाजारातली पत. त्या जोरावर उन्हाळ्यात युरोपचे महोत्सव मिळतात: स्वित्झर्लंडचं माँट्रू, इटलीतलं पेरूजा, हॉलंडमधलं रॉटरडॅम. तिथे सरकार आणि नगरपालिका हात सैल सोडतात, त्यामुळे मानधन बरं असतं. जाताजाता एक गंमत: डबल बास माणसापेक्षा उंच, विमानात न्यायचा म्हणजे नवरदेवाला घोड्यासकट नेल्यासारखं. म्हणून बरेच बासवादक दौऱ्यावर त्या त्या गावात मिळेल त्या बासवर वाजवतात. माझ्या एका तबलजी क्लायंटला हे सांगितलं तर तो दोन मिनिटं गप्पच झाला. त्याच्या डग्ग्याला त्याची बायकोसुद्धा हात लावत नाही.

यापुढचा भाग जरा किचकट आहे, पण पैसा तिथेच आहे. जॅझमध्ये कोणती गोष्ट कोणाच्या मालकीची?

धून लिहिली, ती तुमची. ती कोणीही कुठेही ध्वनिमुद्रित केली तर तुम्हाला रॉयल्टी. ध्वनिमुद्रण मात्र सहसा कंपनीचं. आणि कॉर्डची नुसती मांडणी व्यवहारात कोणाचीच नाही. चाळीसच्या दशकात सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर आणि मंडळींनी याचा पुरेपूर फायदा उठवला: लोकांना पाठ असलेल्या गाण्याच्या कॉर्ड तशाच ठेवायच्या आणि वर नवी धून बसवायची. श्रोत्याला ओळखीचं वाटतं, आणि रॉयल्टी जुन्या संगीतकाराला न जाता नव्याच्या खिशात. हे कायदेशीर आहे. माझ्यासारख्याला तर फारच आवडतं.

पण मैफलीत केलेली बढत, जिच्यासाठी लोक तिकीट काढतात, ती या चौकटीत नीट बसत नाही. बासरीवादक जेम्स न्यूटन यांनी बासरीत फुंकता फुंकता गळ्यातून स्वर काढत एक रचना ध्वनिमुद्रित केली होती. 'बीस्टी बॉइज' या रॅप संचाने त्यातले सहा सेकंद उचलून आपल्या गाण्यात पुन्हा पुन्हा वापरले. ध्वनिमुद्रणाची परवानगी त्यांनी रेकॉर्ड कंपनीकडून रीतसर घेतली होती, न्यूटनना मात्र विचारलं नाही. न्यूटन कोर्टात गेले आणि हरले. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं: कागदावर लिहिलेले आहेत तीन स्वर, ते फार क्षुल्लक, वेगळेपण आहे ते वाजवण्यात, आणि त्या ध्वनिमुद्रणाची परवानगी तर घेतलेली आहे. म्हणजे ज्या फुंकरीत न्यूटन होते, ती त्यांच्या नावावर नव्हती. हे वाचल्यावर मी पेन खाली ठेवलं. कायद्याच्या दृष्टीने बरोबर असेल. मला अजून पचलेलं नाही.

उलट बाजूला पुन्हा हॅनकॉक. १९६२ मध्ये पहिला अल्बम करताना ट्रम्पेटवादक डोनाल्ड बर्डने या नवख्या पोराला बजावलं, की धुनांचे प्रकाशनहक्क कंपनीला देऊ नकोस. त्या अल्बममधली 'वॉटरमेलन मॅन' पुढच्याच वर्षी क्यूबाच्या मोंगो सांतामारियाने आपल्या ढंगात वाजवली आणि ती अमेरिकाभर गाजली. वाजवली दुसऱ्याने, पैसे आले हॅनकॉकला. त्यातून त्याने काय घेतलं? कोब्रा नावाची स्पोर्ट्स कार. मी माझ्या प्रत्येक क्लायंटला सांगतो, पहिल्या मोठ्या कमाईतून गाडी घेऊ नका, तिची किंमत शोरूमच्या दारातच पडते. हॅनकॉकने ती पुढे अनेक दशकं जपली आणि आज तसल्या गाड्या लिलावात जातात. असो. माझा सल्ला कायम आहे.

स्ट्रीमिंगने हा हिशेब आणखी तिरपा केला. स्पॉटिफायवर एखादा ट्रॅक तीस सेकंद ऐकला की एक 'स्ट्रीम' मोजतात. ट्रॅक दोन मिनिटांचा असो की बारा मिनिटांचा, मोजणी एकच. २०२४ पासून तर मागच्या बारा महिन्यांत किमान १००० वेळा न ऐकलेल्या ट्रॅकला रॉयल्टीच नाही. आता कमासी वॉशिंग्टन हा लॉस एंजेलिसचा सॅक्सोफोनवादक बघा. २०१५ मधला त्याचा 'द एपिक' जवळपास तीन तासांचा, ट्रॅक फक्त सतरा. तेवढ्याच वेळात तीन-तीन मिनिटांची पंचावन्न-साठ गाणी बसली असती. म्हणजे दळण एकच, पण गिरणीवाला किलोवर पैसे न घेता डब्यांवर घेतो, आणि याचा डबा मोठा. कमासीचं घर मात्र नुसतं त्यावर चाललं नाही. आधी तो रॅपर स्नूप डॉगच्या संचात दौरे करत होता, आणि 'द एपिक'च्याच वर्षी केंड्रिक लामारच्या अल्बममध्येही त्याचा हात होता. जॅझवाल्याने रॅपला साथ करणं कमीपणाचं, असं मानणारे शुद्धतावादी तिकडेही आहेत. ते बहुधा पगारदार असतात.

मारिया श्नायडर यांनी वेगळीच वाट काढली. मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहिणारी ही संगीतकार. दीड डझन वादकांचं मानधन आणि स्टुडिओचं भाडं कोण देणार? २००४ चा अल्बम त्यांनी श्रोत्यांकडून आधीच पैसे घेऊन केला. पैसे देणाऱ्याला रचना कशी घडते ते बघायला मिळे, आणि अल्बम दुकानात न ठेवता फक्त इंटरनेटवरून विकला. पुढच्या वर्षी त्याला ग्रॅमी मिळालं. दुकानात न विकल्या गेलेल्या अल्बमला ते पहिल्यांदाच मिळत होतं. आपल्या जुन्या मासिकांची आगाऊ वर्गणी आठवते ना, तीच पद्धत.

पण नियमित जमा कुठून? बहुतेकांच्या किर्दीत ती शिकवण्यातून येते. विजय अय्यर हे तमिळ आईवडिलांचे चिरंजीव. लहानपणी व्हायोलिन शिकले, पियानो बराचसा स्वतःच्या बळावर. येल विद्यापीठात गणित आणि भौतिकशास्त्र केलं, मग संगीताकडे वळून १९९८ मध्ये बर्कले विद्यापीठातून पीएचडी. (हे कॅलिफोर्नियातलं, वहिनींच्या माहितीपत्रकातलं बॉस्टनचं बर्कली वेगळं. नावं सारखी, प्रवेशअर्ज भरताना बघून भरा.) २०१३ मध्ये मॅकआर्थर ही तिकडची मानाची फेलोशिप, २०१४ पासून हार्वर्डला प्राध्यापक. अल्टो सॅक्सोफोन वाजवणारे रुद्रेश महंतप्पा प्रिन्स्टनला जॅझ विभागाचे संचालक. त्यांनी आपल्या कद्री गोपालनाथ यांच्याबरोबर २००८ मध्ये 'किन्समेन' हा अल्बम केला. एकाच वाद्यावर एका बाजूने कर्नाटक संगीत, दुसरीकडून जॅझ. बासवादक आणि गायिका एस्पेरांझा स्पॉल्डिंग विशीतच बर्कलीत शिकवू लागली, २०११ मध्ये जस्टिन बीबरला मागे टाकून नवोदितांचं ग्रॅमी घेऊन गेली, आणि पुढे काही वर्षं हार्वर्डला होती. मैफलीचा पैसा पावसासारखा, नोकरीचा नळाच्या पाण्यासारखा. दोन्ही लागतं.

वहिनींच्या यजमानांना खरी गोष्ट आवडली ती जोशुआ रेडमनची. वडील ड्यूई रेडमन नावाजलेले सॅक्सोफोनवादक, पण मुलगा हार्वर्डमधून उत्तम गुणांनी पदवीधर झाला आणि येलच्या लॉ कॉलेजात प्रवेशही मिळाला. जायच्या आधी एक वर्ष न्यूयॉर्कला वाजवू म्हणाला. त्याच वर्षी, १९९१ मध्ये, पियानोवादक थेलोनियस मंक यांच्या नावाच्या जॅझ स्पर्धेत पहिला आला, रेकॉर्डचा करार झाला, आणि लॉ कॉलेज राहिलं ते राहिलंच. "प्रवेश घेऊन ठेवला होता ना पण," असं ते मला तीनदा म्हणाले. एका बापाला एवढा आधार पुरतो.

त्यांना वाटत होतं हे सगळं परदेशातलं. म्हणून मुंबईचंही सांगावं लागलं. तीसच्या दशकात ताजमहाल हॉटेलात अमेरिकन कृष्णवर्णीय वादकांचे संच वाजवत होते, आणि त्यांच्याकडून उचलत गोव्याची मंडळी तयार झाली. ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट, मूळ नाव अँटोनियो झेवियर वाझ, हे सी. रामचंद्रांचे, म्हणजे आपल्या चितळकरांचे, साहाय्यक होते. रात्री हॉटेल, दिवसा सिनेमाचं रेकॉर्डिंग. नावं पडद्यावर फारशी आली नाहीत आणि रॉयल्टीचं तर नावच नको. १९७८ मध्ये निरंजन झवेरींनी मुंबईत 'जॅझ यात्रा' हा महोत्सव सुरू केला. पहिल्याच वेळी अमेरिकेचे सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्स येऊन वाजवून गेले. पियानोवादक लुई बँक्स यांनी जाहिरातींची जिंगल्स करत करत जॅझ जिवंत ठेवला.

आणि त्रिलोक गुर्टू. मुंबईत वाढलेले, शोभा गुर्टूंचे चिरंजीव. घरात ठुमरी-दादरा, हातात तबला. युरोपात जाऊन त्यांनी तबला आणि ड्रम एकत्र बसवून जमिनीवर बसूनच वाजवायची स्वतःची पद्धत काढली, गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिनबरोबर वाजवलं, आणि पुढे आपल्या अल्बममध्ये आईला गायला बसवलं. हे ऐकल्यावर वहिनींचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. शोभाताईंना त्यांनी गडकरी रंगायतनमध्ये ऐकलं होतं म्हणे, लग्नाच्या आधी.

खर्चाची बाजूही दाखवली. पेन्शन नाही, आजारपणाची रजा नाही. कीथ जॅरेटना २०१८ मध्ये दोनदा अर्धांगाचा झटका आला आणि डावा हात गेल्यातच जमा झाला. पियानोवादकाचा हात जाणं म्हणजे दुकानाचं शटर पडणं. त्यांच्या रॉयल्ट्या मोठ्या होत्या. ज्याच्या नसतात त्याच्यासाठी मित्र मदतीचे कार्यक्रम लावतात, आपल्याकडे लावतात तसेच.

एवढं झाल्यावर मी धाकट्याला ऑफिसात बोलावलं. माहितीपत्रक बाजूला ठेवलं आणि विचारलं, "तू सध्या कोणाबरोबर वाजवतोस?" तो म्हणाला, "एकटाच, काका. हेडफोन लावून." तेव्हा मी त्याला आमच्या सोसायटीच्या भजनी मंडळात पेटीला बसवला. तिथले पेटीवाले गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे दोन महिने येणार नव्हते.

आषाढी एकादशीला खालच्या हॉलमध्ये भजन होतं. पहिले दोन अभंग पोरगं सरळ वाजवत राहिलं. तिसऱ्याला, बायकांनी धृपद परत घेतलं तेव्हा, त्याने डाव्या हाताने एक अशी काही कॉर्ड दाबली की पुढच्या रांगेतल्या आजींचे टाळ थबकले. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पखवाजवाले बुवा पंच्याहत्तरीचे, कडक. त्यांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, हात मात्र थांबवला नाही. पुढच्या आवर्तनाला त्याच जागी त्यांनी एक भरीव थाप टाकली, आणि पोराने घाबरत घाबरत तीच कॉर्ड पुन्हा दिली. आता ती बसली.

प्रसाद वाटून झाल्यावर बुवा पखवाजाची खोळ आवळता आवळता त्याच्याकडे वळले.

"गुरुवारी मोकळा आहेस का रे? कळव्याला एक भजन आहे."